भिंतींना कान असतात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, भिंतींना कान असतात असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण गुपितं फुटू नयेत म्हणून आली असेल. पण घरात टीव्ही, स्पीकर आणि त्याला साजेशी सजावट करू पाहणाऱ्या माणसानं ती शब्दशः घ्यावी, असं मला आज सांगायचं आहे. मी कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. यंत्रांची दुरुस्ती मला येत नाही. पण उच्चारलेलं अक्षर ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत धड पोचतं की नाही, ही काळजी मी गेली तीस वर्षं करत आलो आहे. आणि करमणुकीच्या खोलीचा अर्धा प्रश्न तोच आहे.

आधी थोडं मागं जाऊ. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. त्यानंतर पुष्कळ वर्षं रेडिओ म्हणजे घरातलं एक लाकडी फर्निचरच होतं. त्याला स्वतंत्र फळी असे, वर क्रोशानं विणलेलं आवरण असे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला आलं, आणि टीव्हीही लाकडी पेटीतच आला. त्या पेटीला सरकणारी दारं असत, काही घरांत कुलूपसुद्धा. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास चित्र रंगीत झालं, तरी पेटी राहिलीच. म्हणजे यंत्र आणि सजावट यांचा मेळ त्या वेळी सुतारमिस्त्रीच घालून देत असे.

मग पडदा पातळ झाला, पेटी गेली, टीव्ही भिंतीवर चढला. आता त्याचं काय करायचं, याची दोन उत्तरं जगभर शोधली गेली. एक उत्तर, यंत्र आहे तसं नेटकेपणानं दिसू द्यायचं. जर्मनीतल्या ब्राउन कंपनीनं १९५६ सालीच डीटर राम्स आणि हान्स गुगेलोट यांच्याकडून एक रेडिओ-रेकॉर्ड प्लेयर तयार करून घेतला होता. पांढरा पत्रा, दोन्ही बाजूंना लाकूड आणि वर पारदर्शक झाकण. लोकांनी त्याला थट्टेनं 'स्नो व्हाइटची शवपेटी' म्हटलं, पण पुढं कित्येक यंत्रांनी तेच रूप घेतलं. दुसरं उत्तर, यंत्र लपवायचं. २०१७ साली सॅमसंगनं 'द फ्रेम' नावाचा टीव्ही आणला. तो बघायचा नसेल तेव्हा भिंतीवरच्या चौकटीतल्या चित्रासारखा दिसतो.

दोन्ही उत्तरं डोळ्यांची आहेत. कानाचा विचार त्यांत नाही. आपल्याकडच्या नव्या घरांत नेमकी इथंच गफलत होते.

माझ्या पुतण्याचं उदाहरण देतो. त्यानं पुण्यात फ्लॅट घेतला. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद हॉल. खाली आरशासारख्या चकचकीत टाइल्स, एका बाजूला गॅलरीचं मोठं काचेचं दार, समोरच्या भिंतीवर संगमरवराची नक्कल करणारं लॅमिनेट, बसायला रेक्झिनचा सोफा. टीव्ही जमिनीपासून साडेपाच फुटांवर. पाच स्पीकर आणि एक घुमणारा डबा, म्हणजे ज्याला 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात तो संच. मधला स्पीकर मात्र शोभा बिघडते म्हणून खालच्या कपाटात, लाकडी दारामागे. खोली दिसायला मासिकातल्या फोटोसारखी होती.

माझी अम्मी तेव्हा काही महिने त्याच्याकडे राहायला होती. तिला जुन्या सिनेमांचं वेड. पहिले चार-आठ दिवस ती हॉलमध्ये बसली, मग येईनाशी झाली. आतल्या खोलीत रेडिओ लावून बसायची. पुतण्या मला म्हणाला, "चाचा, दादीला आता ऐकू येत नाही. आवाज वाढवला तर म्हणते कान फुटतात, कमी केला तर म्हणते काही समजत नाही."

मी अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "अरे, आवाज येतो. शब्द येत नाहीत."

श्रोतेहो, हे वाक्य लक्षात ठेवा. आवाज येणं आणि शब्द येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साप, सात, साठ, साफ हे चार शब्द घ्या. त्यांतला 'सा' जोरकस आहे, तो भिंतीपलीकडूनही ऐकू येईल. पण अर्थ ठरतो तो शेवटच्या व्यंजनावर, आणि ते व्यंजन असतं अगदी हलकं, क्षणभराचं. उतारवयात कान आधी उंच पट्टीतले आवाज गमावतो. स, श, फ, त, ठ ही मंडळी तिथंच राहतात. त्यात खोली घुमणारी असली, की आधीच्या 'सा'चा घुमारा पुढच्या 'प' किंवा 'त'वर पसरतो आणि ते हलकं व्यंजन बुडून जातं. तरुण कान अंदाजानं भरून काढतो. म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही. आवाज वाढवून उपयोग नसतो, कारण आवाजाबरोबर घुमाराही तेवढाच वाढतो.

हा घुमारा पहिल्यांदा शिस्तीत मोजला तो अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकानं. १८९५ साली तिथं फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून झालं होतं. देखणं होतं, पण वक्ता काय बोलतो ते कळत नसे. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंदांहून अधिक काळ खोलीत रेंगाळायचा. सॅबाइननं काय केलं, तर रात्री रस्ते शांत झाल्यावर शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा कमी होत गेला, शेवटी तो एक-सव्वा सेकंदावर आला.

या खटाटोपातून एक साधं सूत्र निघालं. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण आवाजशोषणानं भागा. उत्तर येतं सेकंदांत. आणि शोषण मोजायचं माप कोणतं? उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक माप. मला हे फार आवडलं. इतकं घरगुती माप शास्त्रात क्वचितच भेटतं.

पुतण्याच्या हॉलला हे सूत्र लावू. पंधरा बाय बारा फूट आणि दहा फूट उंची म्हणजे सुमारे ५१ घनमीटर. टाइल्स, काच, लॅमिनेट, गुळगुळीत गिलावा या सगळ्यांवरून आवाज चेंडूसारखा उडतो. शंभरातले जेमतेम एक-दोन-तीन भाग त्यांत मुरतात. रेक्झिनचा सोफा थोडी भर घालतो. सगळं मिळून पाच चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं शोषण धरलं, तर घुमारा येतो दीड सेकंदाहून जास्त. आपण बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. म्हणजे एक अक्षर पूर्ण विरेपर्यंत पुढची सहा-सात अक्षरं येऊन गेलेली असतात. घरातल्या खोलीसाठी हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा. त्यासाठी शोषण लागतं सोळा चौरस मीटरचं, म्हणजे आहे त्याच्या तिप्पट.

हे वाढीव शोषण आणायचं कुठून? तर सजावटीतून. माझं मुख्य म्हणणं हेच आहे. सजावट ही यंत्राभोवतीची नुसती शोभा नाही, ती यंत्राचाच एक भाग आहे. आपल्या जुन्या बैठकीत जाजम असे, त्यावर गादी, लोड-तक्के, दाराला जाड पडदा, भिंतीला पुस्तकांचं कपाट. तिथं मैफल रंगायची, मुशायऱ्यातला शेर शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. गाणाऱ्याच्या आणि म्हणणाऱ्याच्या गुणाला या गाद्या-गिरद्यांची साथ होती. आपण त्या काढल्या आणि त्यांच्या जागी महागडे स्पीकर आणले.

पुतण्याच्या हॉलमध्ये आम्ही काय केलं ते सांगतो. तोडफोड काहीच केली नाही. सोफा आणि टीव्ही यांच्यामधल्या मोकळ्या टाइल्सवर जाड गालिचा टाकला, खाली नमदा. गालिचा नसेल तर दोन-तीन सतरंज्या एकावर एक चालतील. एकटी पातळ सतरंजी मात्र फारसं काही करत नाही. काचेच्या दाराला जाड कापडाचा पडदा लावला. दारापेक्षा दुप्पट रुंदीचं कापड घ्यायचं, म्हणजे चुण्या पडतात, आणि काचेपासून चार-सहा बोटं अंतर ठेवायचं. चुण्या आणि मागची पोकळी मिळून आवाज जास्त मुरवतात. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट आणलं. पुस्तकं मागंपुढं, उंच-बुटकी असली तर उत्तम; आवाज एकदम परत न येता विखुरतो. पुस्तकं एका रेषेत नाहीत म्हणून घरातलं कुणी रागावलं तर हे शास्त्र सांगा.

बाजूच्या भिंतींसाठी एक सोपी युक्ती आहे. आपण नेहमीच्या जागी बसायचं. दुसऱ्यानं एक आरसा भिंतीला टेकवून हळूहळू सरकवत न्यायचा. आरशात ज्या ठिकाणी आपल्याला स्पीकर दिसेल, त्याच ठिकाणाहून त्याचा आवाज उसळी मारून कानावर येतो. तिथं काहीतरी मऊ आणि जाड टांगा. आम्ही एका बाजूला अम्मीच्याच हातची गोधडी लाकडी पट्टीवर ताणून लावली, दुसऱ्या बाजूला घोंगडं. घोंगडं लोकरीचं, जाड, त्यामुळे आवाज चांगला पितं. आता घरी येणारे पाहुणे आधी त्या गोधडीचं कौतुक करतात, टीव्हीचं नंतर.

दोन गैरसमज इथंच दूर करतो. थर्मोकोलनं आवाज मुरतो असं काही जण समजतात. मुरत नाही, त्याची छिद्रं बंद असतात, हवा आत जात नाही. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला लावण्याचाही फारसा उपयोग नाही, आणि ते झटकन पेट घेतात. ज्यातून फुंकर आरपार जाते पण अडखळत जाते, अशा जाड वस्तूत आवाज मुरतो, हा ढोबळ नियम धरा.

आता स्पीकर. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तोच कपाटात कोंडला, तर पात्रांच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं. तो टीव्हीच्या लगेच खाली किंवा वर, तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे करून हवा. डोळ्यांना खुपत असेल तर पुढं लाकडी दाराऐवजी विरळ विणीचं कापड लावा. कापड निवडताना त्यावर फुंकर मारून बघा. हाताला पलीकडे हवा लागली तर आवाजही जाईल. पुढचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना असे ठेवा, की त्या दोघांचं आपसातलं अंतर आणि प्रत्येकाचं आपल्यापासूनचं अंतर साधारण सारखं येईल. उंची कानाच्या पातळीची. मागचे दोन आपल्या दोन्ही बाजूंना, थोडे पाठीकडे. सगळेच स्पीकर फॉल्स सीलिंगमध्ये बसवले, तर समोरचा नट बोलतो आणि आवाज पंख्यातून येतो. ज्यांच्याकडे पाच स्पीकर नाहीत, टीव्हीखालची एकच लांब पट्टी आहे, त्यांनी तिच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करण्याची सोय असते ती शोधावी. तिच्यापुढं फुलदाणी आणि फोटोफ्रेम मांडू नयेत.

पडद्याचा हिशेबही सोपा आहे. टीव्ही जितक्या इंचांचा, त्याच्या साधारण एक पूर्णांक सहा पट अंतरावर बसावं. ५५ इंची असेल तर सुमारे साडेसात फूट, ४३ इंची असेल तर पावणेसहा फुटांच्या आसपास. आणि उंची अशी, की बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याच्या जवळपास यावेत. सोफ्यावर बसलं तर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतात, गादीवर मांडी घालून बसलं तर अडीच फुटांवर. टीव्ही साडेपाच फुटांवर टांगला, की तीन तासांचा सिनेमा मान वर करून बघावा लागतो. पुतण्यानं तो खाली घेतला. भिंतीत चार भोकं राहिली, त्यांवर त्यानं एक चौकट लावली.

पडद्यासमोर खिडकी नको. दिवसा तीच पडद्यात दिसते. मागची भिंत चकचकीत नको, मंद, थोडी गडद आणि बिनचमकेची बरी. रात्री खोली अगदी काळोखी करू नका, डोळे शिणतात. पडद्याच्या पाठीमागं, भिंतीवर पडणारा एक मंद पांढरा दिवा पुरतो. छतातल्या दिव्यांचा झोत काचेवर पडत नाही ना, एवढं बघा.

भिंती रंगवण्याआधी वायरींचा विचार झाला तर खोली नीटनेटकी राहते. भिंतीतून ऐसपैस नळ्या टाकून ठेवा, आत एक दोरी सोडा. उद्या तार बदलायची झाली तर भिंत फोडावी लागत नाही. विजेच्या तारा आणि स्पीकरच्या तारा वेगवेगळ्या नळ्यांतून न्या. अर्थिंग तपासून घ्या. यंत्रं कपाटात ठेवायची असतील तर कपाटाची पाठ उघडी ठेवा, प्रत्येकाभोवती चार बोटं हवा खेळू द्या. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग आणि केबल काढून ठेवण्याची जुनी सवय अजूनही शहाणपणाची आहे.

आणि शेजारी. पडदे-गालिचे खोलीतला घुमारा कमी करतात, पण आवाज बाहेर जाण्यापासून ते अडवत नाहीत. त्यातही घुमणाऱ्या डब्याचा खर्ज भिंती आणि स्लॅबमधून सरळ खालच्या घरात उतरतो. तो डबा कोपऱ्यात ढकलला तर जास्त घुमतो, म्हणून कोपऱ्यापासून थोडा दूर, जाड रबराच्या चटईवर ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पण कायदा सोडा. वरच्या मजल्यावर धडाधड लढाई चालू असताना खाली कुणाचं तान्हं मूल दचकून उठत असेल, एवढं आठवलं तरी पुरे.

आता अम्मीचं काय झालं ते सांगतो. तिला कानाच्या डॉक्टरांकडेही नेलं. तपासणीत निघालं, की वयानुसार ऐकणं उणावलं आहे, यंत्र लावलं तर मदत होईल. ते खरंच होतं, आणि माझी सगळ्यांना विनंती आहे की घरातल्या वडीलधाऱ्यांचे कान तपासून घ्या, सगळा दोष खोलीवर ढकलू नका. पण खोलीवरचं तिचं ओझं उतरलं. यंत्र यायच्या आधीच, गालिचा आणि पडदा लागल्यावर एका संध्याकाळी ती हॉलमध्ये येऊन बसली आणि पाच मिनिटांनी पुतण्याला म्हणाली, "आवाज जरा कमी कर." त्या घरात आवाज कमी करायला सांगणारी ती पहिलीच.

सॅबाइनच्या मोजमापांतली एक गोष्ट शेवटी सांगायची राहिली. त्यानं गाद्यांबरोबर माणसंही मोजली होती. बसलेला एक माणूस सुमारे अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीएवढा आवाज शोषतो. म्हणजे चार माणसं येऊन बसली की दोन चौरस मीटरची खिडकी उघडली. खोली माणसांनी भरली की शब्द जास्त स्पष्ट येतात, हे कवीला व्यासपीठावर जाणवतं, ते सॅबाइननं आकड्यांत मांडलं.

तेव्हा खर्चाची यादी करायला बसाल, तेव्हा दुकानात जाण्याआधी रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एकदा जोरात टाळी वाजवा. मागोमाग 'टर्रर्र' असा झणत्कार आला, तर पहिला पैसा पडद्यावर आणि जाजमावर खर्च करा, उरलेला स्पीकरवर. मग घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला मधल्या जागी बसवा, मागं उभं राहून नेहमीच्या आवाजात चार वाक्यं बोला, आणि कळलं का ते विचारा. त्यांना कळलं, तर खोली तयार झाली असं समजा.